कृती पूर्ण करा (फोटोसह)

बीजगणित आनंददायी करायचं ठरलं की पहिला आनंद होतो तो स्टेशनरीवाल्याला. कार्डशीट, घोटीव कागद, स्केचपेन, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. मग वर्गात 'समीकरणाचा तराजू' उभा राहतो. पारडी थर्माकोलची. (सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ सालीच बंदी आली, पण शैक्षणिक साहित्याला कोण अडवतो?) डाव्या पारड्यावर २क्ष + ३, उजव्यावर ११, आणि मधली दांडी फेव्हिकॉलने पक्की केलेली. डावीकडचे तीन उचला, उजवीकडे डस्टर ठेवा, दांडी ढिम्म. इतका निःपक्षपाती तराजू राज्यात दुसरा नसेल.

वर्गात तराजू आणतात तो हलावा म्हणून. डावीकडचे तीन उचलले की ते पारडं वर जातं, पोरं ओरडतात, आणि दांडी सरळ करायला उजवीकडचेही तीन उचलावे लागतात. उरले २क्ष आणि ८. क्ष चार. हे एकदा हाताने केलं की 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हा मंत्र घोकायला लागत नाही. तसाही तो मंत्र महाराष्ट्रातल्या मुलांना पटवणं हल्ली अवघड झालंय. ती टीव्हीवर रोज बघतात की बाजू बदलणारे चिन्हसुद्धा सोबत घेऊन जातात. तर तराजूसाठी कपड्यांचा एक हँगर आणि दोन पिशव्या पुरतात. खर्च शून्य. अडचण एकच, त्याचा फोटो चांगला येत नाही.

आणि फोटो तर हवाच. २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन. रामानुजन यांच्या तसबिरीला हार, आणि मग वेशभूषा स्पर्धा. एक पोरगा पुठ्ठ्याचा 'क्ष' गळ्यात अडकवून येतो आणि "मी क्ष बोलतोय" असं भाषण ठोकतो. भाषण आईने लिहिलेलं, पुठ्ठा बाबांनी कापलेला. क्षची किंमत काय, हे तिघांपैकी कोणालाही कोणी विचारत नाही. पहिलं बक्षीस.

त्याहून लोकप्रिय उपक्रम म्हणजे सूत्रांची गाणी. अ अधिक ब कंसाचा वर्ग, चाल सैराट, सोबत नाच. अख्खा वर्ग बेभान. गाणं संपल्यावर फळ्यावर (७ + ३)² लिहून बघा. निम्म्या वर्गाचं उत्तर येतं ५८. सातचा वर्ग एकोणपन्नास, तीनचा नऊ, बेरीज झाली. सात आणि तीन मिळून दहा होतात आणि दहाचा वर्ग शंभर असतो, हे त्याच मुलांना तिसरीपासून ठाऊक आहे. मग बेचाळीस गेले कुठे? ठेक्यात गेले. '२अब' गाताना नेमकं गिरकी घ्यायची होती.

हे बेचाळीस सापडतात चौकटीच्या वहीत. दहा बाय दहाचा चौरस आखा. आडवा सात-तीन असा कापा, उभाही तसाच. चार तुकडे पडतात. एक ४९ घरांचा, एक ९ घरांचा, आणि सात गुणिले तीनचे दोन आयत, २१ आणि २१. पोर घरं मोजतं आणि त्याला कळतं की '२अब' हे सूत्रात शोभेला घातलेलं नाही, ती खरोखरची जागा आहे. कात्री, वही, दहा मिनिटं. संगीत नाही.

पण कृती या शब्दाला आपल्या बोर्डाने कसं चौकटीत बसवलंय, ते दहावीच्या घराला विचारा. गणित भाग १, गुण चाळीस, वेळ दोन तास. त्यात प्रश्न असतो 'खालील कृती पूर्ण करा'. म्हणजे उदाहरण दुसऱ्याच कोणीतरी सोडवलेलं असतं आणि मधूनमधून चौकटी रिकाम्या ठेवलेल्या असतात. त्या भरल्या की कृती झाली. वाट कोणी पाडली, इकडूनच का पाडली, दुसरीकडून गेलो असतो तर काय, असले प्रश्न चौकटीत मावत नाहीत. मग गाइडवाले सगळ्या शक्य कृती छापतात, क्लासवाले त्या पाठ करून घेतात, आणि 'घोकंपट्टीला फाटा' हे वाक्य अहवालात जातं. पाठांतर संपवायला काढलेली गोष्ट पाठ करून घ्यायलाही हिंमत लागते, एवढं श्रेय दिलंच पाहिजे.

खऱ्या कृतीचा गुण असा की तिच्यात भांडण होतं. काड्यापेटीतल्या काड्यांनी चौकोनांची आगगाडी करा. एका डब्याला चार काड्या, दोन डब्यांना सात, तीनला दहा. आता न डब्यांना किती? एक मुलगी म्हणते ३न + १, कारण इंजिनाची एक काडी आधी ठेवली की दर डब्याला तीनच लागतात. दुसरा म्हणतो ४ + ३(न − १), पहिला डबा पूर्ण, मग तीन-तीन. मागच्या बाकावरचा, ज्याला कोणी कधी विचारत नाही, तो म्हणतो वर न, खाली न आणि उभ्या न + १. तिघंही हट्टाला पेटतात. तिघांचंही बरोबर आहे, हे सिद्ध करायचं तर कंस सोडवावे लागतात, आणि वर्षभरात पहिल्यांदाच कंस सोडवायला काही कारण मिळतं. अशा वेळी तपासणीला साहेब आले तर त्यांना एवढंच दिसतं की वर्गात गोंगाट आहे, जमिनीवर काड्या पडल्यात आणि सर गप्प उभे आहेत. शेरा काय पडतो, तो सांगायला नको.

गंमत बघा, या सगळ्यात आपण काही नवं करतोय असाही आव असतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत भुंग्यांचा थवा सोडला. एक पंचमांश कदंबावर, एक तृतीयांश शिलींध्रावर, त्या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक बिचारा सुगंधाने वेडावून हवेतच भिरभिरतोय. एकूण किती? पंधरा. बीजगणितात त्यांच्याकडे पहिला अज्ञात यावत्तावत्, पुढचे कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा. कार्डशीटचा तुकडाही न कापता बीजगणित रंगीत! चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढला, असं त्यात कोरलंय. मठाला देणग्या किती मिळाल्या तेही आहे. उपक्रमाचा फोटो मात्र जोडलेला नाही, त्यामुळे आजच्या नियमाने तो मठ झालाच नाही.

मुलांना गणितं सोडवायला देण्याऐवजी रचायला द्या, हाही एक छान उपक्रम सांगतात. छान आहे, पण जरा जपून. पोरं बापाचं वय मुलाच्या तिप्पट करत बसत नाहीत, समोर दिसतं ते लिहितात. आठवीतल्या एका कार्ट्याच्या वहीतलं हे गणित: 'सरांच्या आठवड्यात गणिताच्या सात तासिका आहेत. तीन तासिका सर ऑनलाइन माहिती भरतात. दोन मतदारयादीला जातात. एक प्रशिक्षणाला. उरलेल्या तासिकेत शिकवण्याच्या दुप्पट वेळ फोटो काढण्यात जातो. तर शिकवणं किती?'

क्ष अधिक २क्ष बरोबर एक. उत्तर, एक तृतीयांश तासिका. खाली ताळाही करून दाखवलाय, आणि तो जुळतो.