डुगाँग दिसेपर्यंत

आराम करायला बाहेरगावी जायचं ठरलं की मराठी घरात सगळ्यात आधी कामं वाढतात. दूधवाल्याला सांगा, पेपर बंद करा, तुळशीला पाणी कोण घालणार याच्या शेजाऱ्यांशी वाटाघाटी करा, फ्रिज रिकामा व्हावा म्हणून उरलंसुरलं कशातही घालून खा. शिवाय ‘तिकडे जेवायला काही मिळालं नाही तर?’ या एका शंकेपोटी चकल्या, लाडू, दाण्याची चटणी आणि मेतकूट. अंदमान हा भारताचाच भाग आहे, तिथं माणसं राहतात आणि ती दोन वेळा जेवतात, असं मी नवऱ्याला, मिलिंदला, सांगून पाहिलं. “माहितेय गं,” तो म्हणाला, “पण पोळी खातात का?”

विश्रांती हवी होती हे मात्र खरं. मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरला गेलेली, मिलिंदने नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, आणि अख्खी नोकरी डोंबिवली लोकलमध्ये उभ्याने केल्यामुळे त्याची कंबर त्याच्याआधीच निवृत्त झालेली. डॉक्टर म्हणाले, “दोघं कुठेतरी जा आणि नुसते पडून राहा.” हे ‘नुसते’ त्यांनी चिठ्ठीवर लिहून द्यायला हवं होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, जेवणानंतर. तोंडी सांगितलेलं पथ्य आमच्या घरात पाळलं जात नाही.

आणि अंदमानला उतरलेला मराठी माणूस विमानतळावरून थेट किनाऱ्यावर जाऊन आडवा होऊ शकत नाही. मध्ये सेल्युलर जेल आहे. विमानतळालाच सावरकरांचं नाव आहे, त्यामुळे विसरायचीही सोय नाही. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं ते अंदमानात कैदी होते. त्यांच्या कोठडीपुढे आम्ही हात जोडून उभे राहिलो. खाली अंगणात कोलू, म्हणजे कैद्यांना जुंपायचा तो तेलाचा घाणा, बघितला. नारळाचं असेल तर दिवसाला ३० पौंड तेल काढायचं, नाही निघालं तर शिक्षा. रात्री ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघून मिलिंद एक शब्द न बोलता झोपला.

याचा परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी बेटावरच्या कॉटेजमधला एसी घरघर करायला लागला तेव्हा तक्रार करायला दोघांचीही जीभ रेटेना. उशी कडक होती. गरम पाणी कोमट होतं. एरवी मिलिंदने मॅनेजरला बोलावून ग्राहकाच्या हक्कांवर बौद्धिक घेतलं असतं. इथं तो म्हणाला, “राहू दे. काय एवढं!” अंदमानातल्या हॉटेलवाल्यांनी मराठी गिऱ्हाइकांना आधी जेल दाखवायची व्यवस्था स्वखर्चाने करावी, असं माझं मत आहे.

आमचं बेट म्हणजे नील. २०१८ च्या डिसेंबरपासून त्याचं नाव शहीद द्वीप आहे आणि शेजारच्या हॅवलॉकचं स्वराज द्वीप; पण जेटीवर ओरडणारा हमाल अजून “नील, नील!” असंच ओरडतो. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमहून, सरकारी बोटीने दोनेक तास लागतात. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून स्टेशनपर्यंत सकाळी आठ वाजता यापेक्षा जास्त माणसं भेटतात. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथं वसवलं, आणि त्यांच्या गावांना रामायणातली नावं मिळाली. त्यामुळे पर्यटकाचा दिवसही रामायणाच्या वळणाने जातो: पहाटे सीतापूरला सूर्योदय, सकाळी भरतपूरला पोहणं, संध्याकाळी लक्ष्मणपूरला सूर्यास्त. रामनगरही आहे. भाड्याची स्कूटर घेतली की एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला पेट्रोल कमी लागतं आणि वेळ त्याहून कमी.

घोटाळा इथंच झाला. आपण मराठी माणसं सहलीला शिकलो ती महाबळेश्वरला. तिथं ‘पॉइंट’ असतात. विल्सन पॉइंटवर सूर्योदय, बॉम्बे पॉइंटवर सूर्यास्त, मधल्या वेळात आर्थर सीट, केट्स, लॉडविक. प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरायचं, कठड्याला टेकायचं, “काय दरी आहे!” म्हणायचं, मक्याचं कणीस खायचं आणि पुन्हा गाडीत बसायचं. रात्री खोलीवर आल्यावर पाय दुखत असले की सहल वसूल. आमचा हनिमूनही असाच झाला. लग्नाच्या फोटोंत आम्ही जेवढे ताठ उभे आहोत, त्याहून ताठ हनिमूनच्या फोटोंत आहोत, कारण ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत होता.

नीलचे पॉइंट दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आतच संपले.

काचेच्या तळाची बोट झाली. त्यातून प्रवाळ दिसले, पोपटी-निळे मासे दिसले, आणि आपण समोरच्या काकूंच्या पायावर पाय दिलाय हेही दिसलं. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल झाला. लाटांनी कोरलेली खडकाची भलीमोठी कमान आहे ती. बंगाली मंडळी तिला हावडा ब्रिज म्हणतात. तिथं ओहोटीच्या वेळीच जावं लागतं, आणि हे कळल्यावर मिलिंदच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तेज आलं. म्हणजे इथं वेळापत्रक होतं तर! त्याने मॅनेजरकडून भरती-ओहोटीच्या वेळा मिळवून वहीत उतरवल्या. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हा शोध लागल्यावर तर तो खूषच झाला. “बघ, उशीर आहे, पण ठरलेला आहे,” तो म्हणाला. अख्खी नोकरी फलाटावर घालवलेल्या माणसालाच या वाक्यातला गहिवर कळेल.

पण ओहोटी आपली आपण येते आणि जाते. ती येण्यात मिलिंदने करण्यासारखं काही नव्हतं. म्हणून तो कॉटेजपुढच्या जाळीच्या झोपाळ्यात आडवा झाला. हा झोपाळा दोन महुआच्या झाडांना बांधलेला होता (आपला मोहाचा महुआ नव्हे, हा समुद्रकाठचा). त्यात चढणं हे एक काम आणि त्यातून उतरणं हे दुसरं. मधला जो वेळ, त्यात मिलिंदने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याच्या टाकीबद्दल मत दिलं, बँकेचे मेसेज वाचले, माझ्या भावाच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मला विचारलं, “आता काय?”

मी म्हटलं, “आता आराम.”

“हो, पण त्यानंतर?”

पूर्वी इथं येणाऱ्यांचा निदान फोन तरी बंद पडायचा. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राच्या तळाशी सुमारे २,३०० किलोमीटरची केबल टाकून झाली, पोर्ट ब्लेअरपासून शेजारच्या स्वराज द्वीपापर्यंत ती पोचली, आणि लोकांची सोय झाली. इथल्या रहिवाशांसाठी ती हवीच होती. शाळा, दवाखाने, बँका त्यावर चालतात. पण डोंबिवलीतली आमची टाकी गळतेय ही बातमी बंगालच्या उपसागराच्या तळातून माझ्या नवऱ्यापर्यंत यावी, एवढा खर्च सरकारने त्यासाठी केला असेल असं वाटत नाही.

मी स्वतः काही फार निराळी नव्हते. किनाऱ्यावर एक सुंदर शंख दिसला म्हणून हातात घेतला, तर आतून पाय बाहेर आले. शंखात राहणारा खेकडा होता तो. इथं ते शेकड्याने असतात, रिकामा शंख शोधायचा आणि त्यात बिऱ्हाड थाटायचं, डिपॉझिट नाही, अकरा महिन्यांचा करार नाही. शिवाय इथून प्रवाळ न्यायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, कितीतरी जातींच्या शंखांनाही आहे, आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. मी शंख खाली ठेवला. तो चालू लागला. मग तो कुठे जातो, कशासाठी जातो, वाटेत दुसरा भेटला तर काय होतं, हे बघत मी उकिडवी बसले, आणि काही वेळाने माझ्या लक्षात आलं की मी त्याला मनातल्या मनात “अरे, तिकडून सावली आहे” असं सांगतेय. बाईमाणसाला सुट्टीतही कुणाचं तरी बघावंच लागतं.

खरी परीक्षा संध्याकाळची. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून चालतं. मुंबई त्र्याहत्तरवर आणि नील त्र्याण्णववर, म्हणजे वीस अंशांचा फरक. अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य इथं मुंबईपेक्षा ऐंशी मिनिटं आधी दुकान उघडतो आणि बंद करतो. डिसेंबरात पाच वाजून गेले की सूर्यास्त. सहाला मिट्ट काळोख. घरी त्या वेळी आमचा दुसरा चहासुद्धा झालेला नसतो. वाळूतल्या माश्या चावायला लागतात म्हणून किनाऱ्यावर बसता येत नाही, खोलीत टीव्ही नाही, जेवण साडेसातला. सहा ते साडेसात या दीड तासात एका नवऱ्याने आणि एका बायकोने करायचं काय?

बोलायचं, असं मासिकांत लिहिलेलं असतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा-बायको बोलत नाहीत, माहिती देतात. गॅस लावला. बिल भरलं. मावशींचा फोन होता. पहिल्या संध्याकाळी आमच्याकडची सगळी माहिती सव्वासहाला संपली. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही शेजारच्या कॉटेजमधल्या जोडप्यावर आलो. ते नवीन लग्न झालेलं आहे की अजून व्हायचंय, यावर चांगला पाऊण तास गेला. मिलिंद म्हणाला, नवीन लग्न. मी म्हटलं, शक्य नाही, तो तिची बॅग उचलतो.

तिसऱ्या संध्याकाळी वास्तुशांतीचा विषय निघाला.

प्रत्येक घरात एक भांडण असं असतं जे कधी पूर्ण होत नाही. आमचं वास्तुशांतीला मिलिंदच्या आत्याला दिलेल्या साडीचं. मी निवडलेली साडी आत्याला ‘हलकी’ वाटली, असं आत्या तिच्या जावेला म्हणाली, जाऊ माझ्या सासूबाईंना म्हणाली आणि सासूबाई मला काहीच म्हणाल्या नाहीत, फक्त बघितलं. हे भांडण आम्ही वर्षानुवर्षं काढतो आणि दरवेळी कुकरची शिट्टी होते, नाहीतर बेल वाजते, नाहीतर मुलगी म्हणते, “झालं का तुमचं?” नीलवर ना कुकर, ना बेल, ना मुलगी. पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना पुरेसा वेळ मिळाला. मी साडीची किंमत, दुकान, काठ सगळं सांगितलं. मिलिंदने आत्याची त्या वेळची परिस्थिती मांडली. मध्ये एकदा वीज गेली तरी कामकाज चालू राहिलं. साडेसातला जेवणाची घंटा झाली तेव्हा निकाल लागलेला होता: चूक जावेची. इतका साधा निकाल एवढी वर्षं आमच्या लक्षात आला नव्हता. आम्ही दोघंही माशाच्या कालवणावर तुटून पडलो, आणि मिलिंदने पोळी नाही हे बघितलंसुद्धा नाही. मेतकूट बॅगेत तसंच राहिलं.

डुगाँग आला तो त्याच जेवणात. म्हणजे विषय आला. मॅनेजर, बंगाली पोरगा, वाढता वाढता म्हणाला की या बेटाच्या आसपास कधीकधी डुगाँग दिसतो. अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी. सस्तन आहे, पाण्यातच राहतो, उथळ समुद्रातलं गवत चरतो आणि दर काही मिनिटांनी श्वास घ्यायला नाक वर काढतो. स्वभावाने अगदी सुस्त. “पर साहब, बैठना पड़ता है,” तो म्हणाला. “घंटों.”

मिलिंदने वही काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तो भरतपूरच्या किनाऱ्यावर टोपी घालून, पाय लांब करून बसला. फोन खोलीत ठेवला. स्क्रीनकडे बघताना नेमकं नाक वर आलं तर? मी शेजारी चटईवर पसरले. समोरचं पाणी आधी हिरवं, मग निळं, मग ज्याला मराठीत आपण नुसतंच ‘साडीचा रंग’ म्हणतो तसं. अर्ध्या तासाने मी विचारलं, “दिसला?”

“नाही.”

तासाभराने त्याचे खांदे खाली आले. लोकलमध्ये दांडीला धरून वर गेलेले ते खांदे लग्नानंतर मी कधी खाली आलेले बघितले नव्हते. त्याच्या चपलेवरून एक शंखातला खेकडा सावकाश गेला. मिलिंदने पाय हलवला नाही. सोसायटीचा विषय नाही, ‘आता काय’ नाही. कुणी नारळवाला आला, तर त्याला हातानेच खूण केली, की काम चालू आहे.

पुढचे सगळे दिवस त्याने हेच काम केलं. मी एकदा म्हटलंही, “अरे, गवत पलीकडच्या बाजूला जास्त आहे म्हणतात, तिथं बसून बघ.” तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावरून मला दाट शंका आहे की त्याला डुगाँग दिसायला नकोच होता. दिसला असता तर उठावं लागलं असतं.

परतीच्या बोटीच्या वेळी जेटीवर समोरून येणाऱ्या बोटीतून एक मराठी जोडपं उतरलं. बोलण्यावरून नाशिककडचं. गृहस्थांच्या गळ्यात कॅमेरा, बाईंच्या हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारा चिवड्याचा डबा. मराठी ऐकून गृहस्थ थेट मिलिंदकडे आले.

“नमस्कार. परत निघालात वाटतं? काय काय आहे हो बघण्यासारखं?”

“डुगाँग,” मिलिंद म्हणाला.

“कसा आहे?”

“आम्हाला नाही दिसला.”

“बरं. मग अजून काय?”

“त्याची वाट बघायची.”

गृहस्थांनी मान डोलावली, पण कॅमेऱ्याचं झाकण पुन्हा लावलं. बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि नवऱ्याला म्हणाल्या, “मी म्हणत होते, महाबळेश्वरलाच जाऊ.”