औत कुणी धरलं?

शेतकऱ्यांचा संत म्हणजे इसिदोर. स्पेनमध्ये माद्रिदजवळ अकराव्या-बाराव्या शतकात होऊन गेलेला गडीमाणूस. रोज सकाळी आधी मिस्सेला जायचा आणि मग कामावर. बाकीच्या गड्यांनी मालकाचे कान भरले. मालक चोरपावलांनी पाहायला आला, तर इसिदोर प्रार्थनेत आणि शेतात एक देवदूत औत धरून चाललेला! 15 मे हा इसिदोरचा सण. ही गोष्ट ऐकून सगळे भाविकपणे माना डोलावतात. माझ्या डोक्यात मात्र लहानपणापासून एकच प्रश्न : ह्या माणसाची बायको तेव्हा कुठे होती?

बायको होती. मरिया तिचं नाव. इसिदोरला 1622 मध्ये संतपद मिळालं, तेही थाटात, फ्रान्सिस झेवियर आणि इग्नेशियस लोयोला यांच्या पंक्तीला बसून, एकाच दिवशी. मरियेच्या भक्तीला रोमने मान्यता दिली 1697 मध्ये. म्हणजे नवऱ्याचं ताट वाढून झाल्यावर पंचाहत्तर वर्षांनी बाईला पाट मिळाला. आमच्या वसईत कुठल्याही बाईला ह्याचं नवल वाटणार नाही. माझं तर ठाम मत आहे की तो देवदूत वगैरे कुणी नव्हता. पहाटेचं धुकं, मालकाची अधू नजर आणि डोक्यावरून घेतलेला पांढरा पदर. औतामागे मरिया होती.

हे मत मी एकदा आमच्या ह्यांना ऐकवलं. हे निवृत्त शिक्षक. चर्चच्या गायकवृंदात, धर्मग्राम परिषदेत, विन्सेंट डी पॉल सोसायटीत, जिथे म्हणून सतरंजी अंथरली जाते तिथे हे असतातच. म्हणाले, "तुला पुरावा काय?" मी म्हटलं, "आपली वाडी." त्यावर ह्यांनी पेपर उघडला. पेपर उघडणं हा आमच्या घरात पराभव मान्य करण्याचा सभ्य मार्ग आहे.

आमचं गाव नंदाखाळच्या बाजूचं. तिथलं चर्च 1573 सालचं. वसई पोर्तुगिजांनी 1534 मध्ये घेतली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती त्यांच्याकडून जिंकली, मग इंग्रज आले. एवढ्या उलाढालीत आमचे पूर्वज काय करत होते असं नातवाने शाळेच्या प्रकल्पासाठी विचारलं. मी सांगितलं, "केळीच्या बुंध्याला माती लावत होते." प्रकल्पात ते घालता येईना म्हणून त्याने किल्ल्याचं चित्र काढलं. पण खरं तेच आहे. किल्ल्यावर निशाण कुणाचंही असो, पाण्याची पाळी चुकवली तर राजेळी केळ रुसते.

माझ्या लहानपणी पाणी रहाटाने निघे. पहाटे रहाटाच्या कुरकुरीने जाग यायची. माझे वडील बैलाच्या मागे फिरत जपमाळ म्हणत. बैल अडला की वडीलही अडत, आणि "नमो मारिया"च्या मध्यात बैलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुन्हा तिथूनच पुढे सुरू करत. माझी प्रार्थनेची शिकवणी तिथे झाली. पुढे इंजिन आलं, मग विजेची मोटार आली, आणि 1980च्या दशकात टँकर आले. विहिरींतलं गोडं पाणी भरभरून शहराकडे जाऊ लागलं, तशी कित्येक विहिरींना खारी चव यायला लागली. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईची चळवळ उभी केली. तेच फादर पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ह्यांना त्यांची पुस्तकं आवडत. मला ते आवडत, कारण प्रवचनात स्वर्गाबद्दल बोलणारे पुष्कळ असतात. विहिरीबद्दल बोलणारा क्वचित भेटतो.

माझ्या भक्तीबद्दल घरात मतभेद आहेत. ह्यांच्या मते प्रार्थनेला एकाग्रता लागते. लागत असेल. पण ज्याला सुकेळी वाळवायची आहेत त्याने एकाग्र होऊन चालत नाही. राजेळी पिकवायची, सोलायची, उन्हात मांडवावर पसरायची, संध्याकाळी उचलून घरात आणायची, सकाळी पुन्हा पसरायची. असा आठवडाभर खेळ चालतो. मग केळीच्या सुक्या पानात आवळून बांधायची. ह्या सगळ्या काळात वसईतल्या यच्चयावत कावळ्यांना आमच्या वाडीचा पत्ता कळलेला असतो. मी काठी घेऊन मांडवाशेजारी बसते आणि दुसऱ्या हातात जपमाळ धरते. पहिलं रहस्य शांततेत पार पडतं. दुसऱ्याला पहिला कावळा कुंपणावर येऊन बसतो. तिसऱ्याला तो ओळखीपाळखीच्यांना बोलावतो. त्यानंतर माझ्या प्रार्थनेत "हाड!" हा शब्द किती वेळा येतो ते मरियामातेलाच ठाऊक. तिनेही नाझरेथला अंगणात काही ना काही वाळत घातलंच असेल, तेव्हा ती समजून घेत असावी.

बरं, जपमाळेचंही काम वाढलंय. आमच्या वेळी रहस्यं तीन प्रकारची : आनंदाची, दुःखाची, गौरवाची. आठवड्याचे वार ठरलेले. पंधरा रहस्यं पाठ करून मी सासरी आले आणि त्या भांडवलावर संसार केला. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी त्यात प्रकाशाची पाच घातली आणि ती गुरुवारला दिली. पोपसाहेबांचा आदर ठेवून सांगते, गुरुवारी आमच्याकडे पाण्याची पाळी असते. त्याआधीचा मोठा बदल म्हणजे मिस्सा. व्हॅटिकनची दुसरी परिषद 1962 ते 1965 ह्या काळात भरली आणि त्यानंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. लॅटिन होती तोवर फादर वेदीकडे तोंड करून आपलं काम करीत आणि बायका मागे बसून आपापली जपमाळ ओढत; कुणी कुणाच्या कामात लक्ष घालत नसे. मराठी आली, फादरांनी आमच्याकडे तोंड केलं आणि डुलकी काढणाऱ्यांची फार पंचाईत झाली. शेतकरी माणूस पहाटे चारला उठलेला असतो हो. त्याला बाकावर बसवून पंख्याखाली ठेवलं तर तो डोळे मिटणारच. ह्यांना वाटतं मी ध्यानात असते.

आमच्या वाडीत जास्वंद आहे, मोगरा आहे. जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधी, अंधारातच खुडाव्या लागतात. भाद्रपदात ह्या कळ्यांना दादरच्या फुलबाजारात सोन्याचा भाव येतो. तरुणपणी मी पहाटेच्या लोकलने टोपली घेऊन जायची. गळ्यात क्रूस, डोक्यावर गणपतीची फुलं. एक गिऱ्हाईक बाई दरवर्षी घासाघीस करायची. एकदा तिचं लक्ष क्रुसाकडे गेलं आणि म्हणाली, "तुमचा तर हा देव नाही, मग इतका भाव कशाला?" मी म्हटलं, "बाई, माझा देव असता तर फुकट दिली असती का?" ती हसली आणि पूर्ण पैसे मोजून गेली. माझ्या मुलींच्या शिक्षणाला गणपतीने किती हातभार लावलाय ह्याचा हिशेब केला तर आम्हाला त्याचे आभार मानायला एखादी मिस्सा सांगावी लागेल. सप्टेंबरात 8 तारखेला मरियामातेचा जन्मदिवस येतो, मग वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा भरते. कधी कधी गणपती आणि जत्रा एकाच आठवड्यात येतात. ते दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. हाल माझ्या कंबरेचे होतात.

नाताळ आला की गावातल्या तरुणांना गोठ्याचं वेड लागतं. रात्र रात्र जागून नाताळगोठे बांधतात. काय ते डोंगर, कापसाचा बर्फ, कारंजं, लुकलुकणारे दिवे! वसईत पाहण्यासारखे गोठे असतात आणि लोक लांबून पाहायला येतात. माझ्या नातवानेही मित्रांबरोबर एक बांधला. गवत माझं, बांबू माझे, शेणाने सारवायला हात माझे. मी म्हटलं, "बाळा, मागे आपला खराखुरा गोठा आहे, त्यात खरीखुरी गाय आहे, आणि कालपासून शेण कुणी काढलेलं नाही. येशूबाळाला तिथे ठेवलं तरी चालेल, बेथलेहेममध्ये त्याला ह्यापेक्षा बरं काही मिळालं नव्हतं." नातू म्हणाला, "आजी, त्याला मार्क मिळत नाहीत." बरोबर आहे. खऱ्या गोठ्याला कुठे स्पर्धा असते?

मोठा मुलगा टोरांटोला असतो. परदेशी जाण्याची खोड वसईला जुनी आहे. आमचे संत गोन्सालो गार्सिया व्यापारासाठी जपानपर्यंत गेले, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मे झाले. त्यांच्या आईने त्यांना अडवलं असेल का, हा प्रश्न मला विमानतळावर पडला होता. हल्लीच्या मुलाच्या आईची व्यथा वेगळी. तो व्हिडिओवर भेटतो. लॉकडाऊनमध्ये चर्च बंद होतं तेव्हा मिस्सा मोबाइलवर यायची. मी फोन केळीच्या घडाला टेकवून मांडवाशेजारी गुडघे टेकत असे. नेमक्या पवित्र क्षणी वेदी नाहीशी होऊन मुलाचा चेहरा उगवायचा : "आई, जेवलीस का?" माझे दोन्ही हात जोडलेले. त्याला वाटायचं, आईला आपल्या फोनचं केवढं अप्रूप!

तोच मुलगा अधूनमधून विचारतो, "आई, आता वाडी कशाला करतेस? विकून टाका, आराम करा." तो एकटाच विचारत नाही. दर पंधरा दिवसांनी एखादा गुळगुळीत बुटांचा माणूस येतो. त्याच्या बुटांना आमचा चिखल लागला की मला उगाचच बरं वाटतं. मागे असाच एक आला. म्हणाला, "काकी, इथे अठरा मजली टॉवर उभा राहील. तुमच्या श्रद्धेचा मान म्हणून नाव ठेवू, मदर मेरी हाइट्स." मी विचारलं, "बावखलाचं, म्हणजे ह्या तळ्याचं, काय करणार?" तो म्हणाला, "भरून टाकू आणि वर स्विमिंग पूल बांधू." म्हणजे खाली फुकट साठणारं पाणी बुजवायचं आणि वर टँकरचं विकत घेऊन ओतायचं. एवढं शिकायला ह्या लोकांना किती फी पडत असेल? मी त्याला सांगितलं, "जमीन सामाईक आहे. एका वाटेकऱ्याची सही आणावी लागेल." तो उत्साहाने वही काढून म्हणाला, "नाव सांगा." मी आमच्या बांधावरच्या क्रुसाकडे बोट केलं. त्याने तिकडे पाहिलं, वही मिटली, पण जाताना सुकेळीचं एक पुडकं मात्र विकत घेतलं. भाव न करता.

हे पेपरमागून म्हणाले, "छान उत्तर दिलंस. पण वाटेकरी म्हटलं की कामाला हात लावावा लागतो. तुझा देव कधी खुरपं धरतो?" मी म्हटलं, "त्याचं काम तो करतो. पाऊस पाडतो, ऊन देतो. राहिलेलं मी करते. आणि बसून देखरेख करायला तुम्ही आहात." ह्यांनी पेपरचं पान उलटलं. पण दुसऱ्या दिवशी मिस्सेहून परतताना थेट वाडीत आले, धोतर खोचलं आणि केळीला टेकू लावायला घेतले. तिरपे लावले. मी नंतर गुपचूप सरळ केले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं करावं लागतं.

आता वय झालं. गुडघे गुडफ्रायडेलाच नव्हे, रोज दुखतात. गावात कुणी गेलं की आम्ही जमतो आणि मृताला सार्वकालिक विश्रांती मिळो अशी प्रार्थना करतो. इतरांसाठी मी ती मनापासून करते. पण स्वतःसाठी विचार केला की धास्ती वाटते. सार्वकालिक म्हणजे केवढा काळ! नुसतं पांढरं घालून ढगावर बसायचं? तिथे दाराशी पेत्र उभा असतो म्हणतात. तो कोळी माणूस, त्याला मासळीचं कळेल, केळीचं कळणार नाही. म्हणून मी मुलांना आणि फादरांना आत्ताच सांगून ठेवलंय : माझ्या वेळी विश्रांती मागू नका. चार गुंठे जागा, गोडं पाणी आणि मोटार बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस, एवढं मागा. आणि ह्यांच्यासाठी पेपर.