टोचलं तर अर्ज करा

२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाचला कोल्हापुरानं दवाखान्यातल्या माणसांसाठी थाळ्या अशा बडवल्या, की काहींना पोचे पडले. सन्मान झाला, हातमोज्यांचं नंतर बघू!

तसं कागदावर सगळं चोख आहे. डॉक्टर-नर्सवर हात उगारला तर राज्याच्या २०१० च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. बोर्डही लावलेला असतो. पण पेशंट एक आणि मागं अख्खी तालीम; त्या गर्दीत बोर्ड दिसणार कुणाला? ‘आमचा पेशंट आधी बघा, न्हाईतर...’ एवढंच ऐकू येतं.

वापरलेली सुई पांढऱ्या टणक डब्यात टाकायची, आणि हा कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ-बी व धनुर्वाताची लस द्यायची, असं दवाखान्यातल्या कचऱ्याचे २०१६ चे नियम सांगतात. सुई मात्र नियम न वाचता पिवळ्या पिशवीत उतरते आणि सफाईवाल्या मावशींच्या बोटात निघते. रक्तातून एचआयव्हीचा धोका असेल, तर औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. मावशी धावत ऑफिसात जातात. साहेब चष्मा पुसत म्हणतात, “सुई हॉस्पिटलची खरी, पण बोट कंत्राटदाराचं. अर्ज तिकडं द्या.”