वेटिंगवरचं पसायदान

भाच्याला कॅटमध्ये 98.6 पर्सेंटाइल पडले तेव्हा ताईने वाड्यात पेढे वाटले. तीन लाखांच्या घरात पोरं आणि त्यात आपला एवढा वर! मी मनातल्या मनात हिशेब केला. अजून चार हजार जण त्याच्याही वर होते. पण तोंडात पेढा होता, गप्प बसलो.

ते चार हजार आम्हाला मे महिन्यात भेटले. एका नामवंत संस्थेने कळवलं, आपण प्रतीक्षा यादीत 93वे आहात. होही म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, ही कला फक्त पुण्याच्या घरमालकांना येते असा माझा समज होता.

त्यापेक्षा रेल्वे परवडली. तिथे चार्ट लागतो, पैसे परत येतात, आरएसीत निदान अर्धं बूड टेकतं. परवा एका मुंजीत आत्याबाईंनी विचारलं, "धाकटा काय करतो हल्ली?" ताई म्हणाली, "वेटिंगवर आहे." आत्याबाईंनी काळजीने विचारलं, "कुठल्या गाडीचं?"

ही यादी हलते कशी, तेही आता घरात सगळ्यांना पाठ झालंय. आयआयएम अहमदाबाद मिळालेला बंगळूर सोडतो, बंगळूर मिळालेला लखनौ सोडतो, लखनौवाला कोझिकोड सोडतो आणि या शेपटाच्या टोकाला आमचं कार्टं लोंबकळतं. त्यामुळे ताईच्या देवघरात क्रांती झाली आहे. जन्मभर 'माझ्या बाळाला यश दे' एवढंच मागणारी ही बाई आता दगडूशेठसमोर उभी राहून पुटपुटते, "देवा, अहमदाबादला मुलाखत दिलेल्या सगळ्या लेकरांचं भलं कर रे." पसायदान पुष्कळ घरांत म्हणतात. ते मनापासून मागणारं घर मी पहिल्यांदाच पाहिलं. परवा भाच्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी आली, यादीतला 41वा परदेशी निघालाय. भाऊजींनी त्या अनोळखी पोराच्या नावाने अर्धा किलो जिलबी आणली.

शेजारच्या काकांची मुलगी अमेरिकेत शिकते. तिथे म्हणे वेटिंगवरचे उमेदवार संस्थेला पत्र लिहितात : मला अजूनही तुमच्याकडेच यायचंय, दरम्यान मी हे-हे केलं. आपल्याकडे गुणांच्या क्रमाने यादी हलते, पत्राने नाही, हे भाचा सांगत होता. पण भाऊजी बँकेतून निवृत्त झालेत, अर्जाशिवाय काही हलतं यावर त्यांचा विश्वास नाही. रात्री जागून त्यांनी 'सविनय नमस्कार विनंती विशेष'पासून 'आपला कृपाभिलाषी'पर्यंत दोन पानं लिहिली. उत्तर मिनिटभरात आलं : या ईमेलवर उत्तर पाठवू नये.

आणि एक गोष्ट ताई कुणाला सांगत नाही. भाच्याला दुसऱ्या एका संस्थेत प्रवेश मिळालाय. पन्नास हजार भरून ती जागा धरून ठेवली आहे. "तिकडे जायचं नसेल तर सोड की," मी म्हणालो. सगळं घर माझ्याकडे असं बघायला लागलं, जणू मी हातातला घास टाकायला सांगितला.

तिकडेही 93वा कुणीतरी असेलच. त्याची आई हे वाचत असेल तर तिला विनंती : माऊली, आमच्या भाच्याच्या नावाने नवस बोलून उपयोग नाही. त्याच्या पुढच्या 92 जणांसाठी बोला.