गवताला रफू

आमच्या पूर्णा गावात गवत हा पिढीजात शत्रू. लावणी आटोपली की बायका वाकून वाकून भाताची बेणणी करायच्या. उपटलेलं गवत बांधावर आणि बांधावरचं म्हशीपुढे. पुढे खाचरांवर गोदामं चढली, म्हशी गेल्या, बंगले आले. बंगल्यांना अंगण आलं, अंगणाला पेव्हर ब्लॉक आले आणि ब्लॉकचा कंटाळा आल्यावर शेवटी गुंडाळी करून टेम्पोतून गवत आलं. प्लास्टिकचं, 35 एमएम, स्क्वेअर फुटाच्या भावानं.

आई ओट्यावर बसून ते पसरताना बघत होती. म्हणाली, "जनम गेला माजा भातातला गवत उपटण्यान, न आता तुमी पैसं देऊन गवत पसरताव!"

यावर कंत्राटदाराकडे उत्तर होतं. "मावशी, याला पाणी नको, खत नको, कापायला नको. मेंटेनन्स झीरो." आईनं त्याला चहा दिला, पण त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

खरं तर या गवताचा जन्मच अडचणीतून झालेला. अमेरिकेत ह्यूस्टनला 1965 साली ॲस्ट्रोडोम नावाचं छप्पर असलेलं अवाढव्य स्टेडियम उघडलं. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उन्हानं खेळाडूंचे डोळे दिपून झेल सुटायला लागले. म्हणून तावदानं रंगवली. ऊन अडलं तसं खालचं खरं गवत मेलं. मग मेलेल्या गवतालाच हिरवा रंग मारून त्यांनी हंगाम काढला! (आमच्या ग्रामपंचायतीला हे सुचलं असतं तर केवढी बोंब झाली असती.) 1966 साली तिथे मोन्सँटो कंपनीचं प्लास्टिकचं गवत आलं आणि ॲस्ट्रोटर्फ हे नाव जगभर झालं. दहा वर्षांनी, 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये, हॉकी पहिल्यांदा अशा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि आपण थेट सातवे आलो. हा अपमान गिळूनही आम्ही तेच गवत दारात अंथरलं, म्हणजे आमचा मोठेपणा बघा.

आता झीरो मेंटेनन्सचा हिशोब. आमचं गाव ठाणे-भिवंडी रस्त्यावर. दिवसभर कंटेनर, त्यात मेट्रो-5 चं काम. खऱ्या गवतावर धूळ बसली तर पावसात धुऊन मातीत जाते, याच्यात ती पात्यांच्या मुळाशी बसते. म्हणून कडक केसांचा झाडू घेऊन लवेच्या, म्हणजे पात्यांच्या कलाच्या, उलट दिशेनं झाडायचं, तेव्हा आडवी झालेली पाती उभी राहतात. पाती उभी राहावीत म्हणून आत बारीक वाळू भरलेली असते. पहिल्याच मोठ्या पावसात तिच्यातली बरीचशी फाटकाबाहेर जाते. ती पुन्हा भरायची. एप्रिल-मे महिन्यात दुपारी अनवाणी पाय ठेवला तर तव्यावर ठेवल्यासारखा माणूस उडतो; म्हणजे ज्याला पाणी लागत नाही म्हणून आणलं, त्याच्यावर थंड करायला पाणी मारायचं. गल्लीतल्या कुत्र्यांना ते पहिल्या दिवसापासून पसंत पडलं, त्याचं वर्णन करत नाही. व्हिनेगर पाण्यात मिसळून शिंपडलं की वास कमी होतो, एवढंच सांगतो.

आणि श्रावणात पाणी जायच्या भोकांतून खरं गवत वर आलं. हिरवंगार, फुकट. आई खाली उतरली आणि प्लास्टिकच्या गवतातलं खरं गवत उपटायला बसली. हात विसरले नव्हते.

दिवाळीत पाहुण्यांच्या नातवाच्या हातून पेटती फुलबाजी पडली. प्लास्टिक वितळून वाटीएवढा काळा डाग. कंत्राटदारानं पोरगा पाठवला; त्यानं चौकोन कापला, नवा तुकडा चिकटवला आणि पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळं अंगण फिकट हिरवं आणि मध्ये हा चौकोन गडद. माल तोच, गुंडाळी तीच. फक्त लव उलटी.

हे कोडं सोडवलं चाचांनी. चाचा भिवंडीत पॉवरलूमवर जॉबर होते. माग बंद पडला की त्यांना हाक जायची. आता निवृत्त आहेत, संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, गवताचा कोपरा उलटा केला आणि पाठीवर बोट फिरवलं. "ये घास नहीं है, भाई. सुई का काम है. गालीचा है गालीचा." खरंच, हे गवत गालिच्यासारखंच होतं, सुया पाठीच्या कापडातून धागा ओवत जातात. पाठीवर टाक्यांच्या सरळ ओळी दिसत होत्या. पोरानं त्या ओळी तोडून वेडीवाकडी सुरी चालवली होती.

चाचांनी तुकडा उचकटला. पाठीकडून, दोन ओळींच्या मधोमध, एकही टाका न दुखावता उरलेल्या कात्रणातून नवा चौकोन काढला. त्याची लव तळहातानं चाचपून बाजूच्या गवताशी जुळवली. खाली सांध्याची पट्टी, तिच्यावर चिकटा. कडेची पाती आत दबू नयेत म्हणून एकेक बोटानं वर काढली. वर आमचा पाटा ठेवला आणि रात्रभर कुणी हलवायचा नाही असं बजावलं. पैसे घेतले नाहीत, पण आईकडून तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वसूल केलं. सकाळी जोड कुठे आहे हे मलाही शोधावं लागलं.

तेव्हा अंगणात असं गवत टाकणार असाल तर खुशाल टाका, पण उरलेलं कात्रण कंत्राटदाराला परत नेऊ देऊ नका. त्याच्या पाठीवर खडूनं लवेच्या दिशेचा बाण काढा आणि माळ्यावर ठेवा. फुलबाज्या गच्चीवर. चाचा मात्र मागू नका, ते आमच्याकडेच बुक आहेत.