आमच्याकडे

नाना पुण्यात 52 वर्षं राहिले, पण 'आमच्या पुण्यात' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पुण्याला ते 'ही जागा' म्हणत. "ही जागा आता माणसाने राहायच्या लायकीची उरली नाही." मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते कुडाळच्या अलीकडे एका वाडीत राहायला गेले. जाऊन जेमतेम अकरावा दिवस होता. फोन आला आणि 'हॅलो' न म्हणताच सुरुवात झाली, "काय पाऊस आहे आमच्याकडे!" मी खिडकीतून बाहेर बघितलं. कोथरूडात लख्ख ऊन होतं. 'आमच्याकडे' म्हणजे नक्की कुठे, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

कोकणात जाऊन राहणार म्हणणारी माणसं पुण्यात सोसायटीमागे दोन तरी सापडतात. त्यांचा कुणाला उपद्रव नसतो. डिसेंबरात घरगुती निवासात दोन रात्री काढायच्या, पोफळीच्या बागेत फोटो काढायचे, परतताना घाटात "बस्स, ठरलं" म्हणायचं आणि कोल्हापूर ओलांडेपर्यंत विसरायचं, असा तो बिनधोक आजार आहे. नाना कोल्हापूर ओलांडूनही विसरले नाहीत, तिथेच घोटाळा झाला.

आधी जमिनीचं लचांड. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, हा 1948 च्या कुळकायद्याचा नियम नानांना पहिल्याच आठवड्यात कळला. हयात बँकेच्या काउंटरमागे गेलेली, घरात कुंडीतली तुळससुद्धा वहिनींची. मग त्यांना एकाएकी पंढरपूरकडचे आजोबा आठवले. तीस वर्षांत ज्या गावाला पाय लागला नव्हता तिथे जाऊन, चौदा वारसांच्या सामाईक सातबाऱ्यावर आपलं नाव शोधून, नाना शेतकरी असल्याचा दाखला घेऊन आले. वाट्याला येणारं क्षेत्र आमच्या सोसायटीच्या पार्किंगएवढं असेल. पण त्या दिवसापासून हवामानखात्यावर बोलताना त्यांचा सूर बदलला. "आम्हा शेतकऱ्यांना" वगैरे.

विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर 23 नावं निघाली. काही मुंबईला, एक बडोद्याला आणि चारपाच जण कुठल्याच तलाठ्याला सापडणार नाहीत अशा ठिकाणी पोचलेले. सह्या जमवायला चौदा महिने गेले. या काळात वहिनींनी एकच अट घातली. "मी येते. पण कोथरूडचा फ्लॅट विकायचा नाही." नानांनी ती फारसा विचार न करता मान्य केली, कारण त्या वेळी ते चिऱ्यांचा विचार करत होते.

घर जांभ्या चिऱ्याचं, वर कौलं, पुढे शेणाने सारवलेलं खळं. यात तडजोड नाही. गवंडी स्लॅब म्हणत होता, शेजारचे आबाही स्लॅबच म्हणत होते. आबांचा स्वतःचा स्लॅब होता, त्यावर पुन्हा पत्रा होता आणि भिंतींना आतून-बाहेरून पोपटी रंग होता. नानांनी त्यांना पडवीत बसवून कोकणी वास्तुपरंपरेवर तासभर ऐकवलं. कौलांखाली उन्हाळ्यात कसा गारवा राहतो, चिरा कसा श्वास घेतो, वगैरे. ज्या माणसाने वयाच्या चाळिशीपर्यंत दर मे महिन्यात छपरावर चढून कौलं परतली होती, तो माणूस हे सगळं शांतपणे ऐकत होता. शेवटी पान जमवत म्हणाला, "कौलां बरी दिसतत. वांदरांका पण आवडतत."

वानरांना ती खरोखरच आवडली. गणपतीच्या आधीच दोन पागोळ्या घराच्या आत पडू लागल्या.

मी जुलैत गेलो होतो. पुण्यात वर्षाकाठी 700-750 मिलिमीटर पाऊस पडतो. सिंधुदुर्गात तो 3000 च्या वर जातो. हे आकडे मला पाठ होते, पण मी आणलेला चामडी पट्टा तिसऱ्या दिवशी खुंटीवरून काढला तेव्हा त्यांचा अर्थ कळला. पट्ट्याला हिरवट मखमल आली होती. बोट फिरवलं तर मऊ लागली. मिठाच्या बरणीत पाणी होतं, काडेपेटीतली काडी ओढली की गुल कणकेसारखा पसरायचा आणि सकाळचा पेपर दुपारी घडी घातलेल्या ओल्या पंच्यासारखा व्हायचा. वीज दीड दिवस नव्हती. कौलांवर असा काही ताशा चालला होता की, जेवताना वाढ म्हणून सांगायलाही हातवारे करावे लागत. मेणबत्तीच्या उजेडात नाना माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "ऐकलीस? ही शांतता पुण्यात कुठे मिळणार?"

एवढं पाणी पडूनही एप्रिलअखेर विहीर तळ गाठते. जांभा पाणी धरत नाही, वरून आलेलं खाली सोडून देतो. नानांनी हे मला अशा अभिमानाने सांगितलं, जसा काही तो दगडाचा उदार स्वभाव आहे.

धर्म बदललेला माणूस जन्मजात माणसापेक्षा कडवा असतो, तसं त्यांचं भाषेत झालं. मी कोकम म्हटलं की "भिरंड!" अशी दुरुस्ती यायची. सुरमई म्हटलं तर "आमच्याकडे इसवण म्हणतात." नाना स्वतः शाकाहारी. त्यांनी आयुष्यात मासा पाहिला तो मत्स्यालयात. तरी 1 जून ते 31 जुलै मासेमारी का बंद असते, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती घालायची, कर्लीचे काटे कसे काढायचे, यावर त्यांचं व्याख्यान तयार असतं. आबांच्या बायकोला त्यांनी एकदा तिरफळांचं प्रमाण सांगितलं. त्या दिवसापासून ती गडग्यापलीकडून जाताना पदर तोंडाला लावते.

देवळातल्या गाऱ्हाण्याला तर ते कधी चुकत नाहीत. गावकर देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक मागणीनंतर सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. तो सूर पिढ्यांच्या सवयीने जमतो. नानांचा "व्हय म्हाराजा" अर्धा श्वास आधी सुटतो. त्यामुळे देवाने कुणाचं काय करावं हे गावकराने सांगायच्या आत नानांनी त्याला मंजुरी दिलेली असते. दशावताराला ते पहाटेपर्यंत ताठ बसतात. भोवतीचे जाणकार प्रेक्षक दहीकाल्याची वेळ होईपर्यंत निवांत घोरत असतात. पुण्यात सत्यनारायणाच्या वर्गणीवरून भांडलेल्या या माणसाने हल्ली कुंपणाच्या कोपऱ्यात राखणदाराला नारळ द्यायलाही सुरुवात केली आहे. मी विचारलं तर म्हणाले, "श्रद्धेचा प्रश्न नाही रे. आमच्याकडची पद्धत आहे."

दीड वर्ष झालं आणि पुण्याचंच एक जोडपं वाडीत जमीन बघायला आलं. गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. "कौलारू घर बांधायचंय," म्हणाले. नानांनी त्यांना पाण्याचा पेलाही विचारला नाही. रात्री मला फोन. "बाहेरचे लोक येतात, भाव वाढवतात, गावाची वाट लावतात. कुणीतरी आवरायला हवं." मागून वहिनींचं हसणं ऐकू आलं. फोन लगेच बंद झाला.

मग आबांच्या मुलाला हिंजवडीत नोकरी लागली. नानांना हे फार लागलं. त्यांनी पोराला खळ्यात बसवून माती, मुळं, ओस पडणारी गावं, हापूसला 2018 साली मिळालेलं मानांकन असं सगळं क्रमाने सांगितलं. पोरगा मान हलवत होता. त्याच्या वाटणीला आलेली कलमं वर्षाआड धरत होती आणि त्यातलं निम्मं वानरं नेत होती. आबा थोडा वेळ गप्प बसले. मग घसा खाकरून म्हणाले, "नाना, तुमचो फ्लॅट रिकामोच आसा मां?"

भाडं वहिनींनी ठरवलं. नानांपर्यंत बोलणं पोचलंच नाही.

परवा पावती द्यायला मी त्या फ्लॅटवर गेलो. पोराला येऊन सहा आठवडे झाले होते. त्याने चहा केला, पडदे बदललेले दाखवले, मग खिडकीतून खाली बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, आमच्याकडे हल्ली बाहेरच्या गाड्या फार लागतात. कमिटीला सांगा ना."