किडनीसर

वेल्ह्याकडच्या कुठल्याही लग्नात किडनीसर लांबून ओळखू येतात. बाकीचे नवरीकडे बघत असतात, सर वऱ्हाडाच्या घोट्यांकडे. म्हातारी आत्या समोर आली की ते थेट वाकतात. "पुण्यात मोठा प्राध्यापक, पण संस्कार बघा!" म्हणत आत्या डोळ्याला पदर लावते. सरांनी तोवर तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरलेला असतो. अंगठा उचलला आणि खळगा तसाच राहिला, की आशीर्वादाच्या आधी प्रश्न येतो, "आत्या, लघवी तपासली का?" तेही भर मांडवात, मुठीत अक्षता असताना.

एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, डीएमची तीन, अशी साडेअकरा वर्षं सरांनी मूत्रपिंडाच्या पायाशी घालवली. पुढे सहायक, सहयोगी आणि पूर्ण प्राध्यापक या पायऱ्या शोधनिबंध लिहीत चढले. राउंडला एखादा पोरगा लघवीचा छापील रिपोर्ट वाचू लागला, की म्हणतात, "लॅबने पाहिली. तू पाहिलीस का?" आणि त्याला मायक्रोस्कोपला जुंपतात. मुंबईच्या केईएमच्या डॉ. विद्या आचार्य, देशातल्या पहिल्या महिला नेफ्रॉलॉजिस्ट, यांचं नाव गवयासारखं कानाच्या पाळीला हात लावून घेतात.

गावाला यातलं काही पटत नाही. भोरहून कुणी मुतखड्याची सोनोग्राफी घेऊन आला, की सर सांगतात, "खडा काढायला युरोलॉजिस्ट. तो सर्जन. मी औषधाचा माणूस."

"साडेअकरा वर्षं शिकून खडा निघंना व्हय?" असं पुटपुटत पाहुणा कुळथाच्या कढणाकडे वळतो.

सरांचं प्रेम मात्र अढळ. "दोन किडन्या दिवसाला 180 लिटर गाळतात आणि बाहेर सोडतात जेमतेम दीड. भाटघरच्या दरवाजांना जमेल हा हिशेब?" धरणावरचा वॉचमन हे ऐकून उगाच अपराधी होतो.

सर खरे पेटतात आषाढात. दिवसभर चिखलात वाकून इंद्रायणीची लावणी, संध्याकाळी कंबर धरलेली, आणि चहाबरोबर दुखीची गोळी. सर छत्री घेऊन बांधावर उभे राहतात. "अंगात पाणी कमी आणि वर रोज ही गोळी! किडनीचं रक्तच आटतं. दुखत काही नाही. क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत बरंच हातचं गेलेलं असतं."

"मग लावणीला तुम्ही वाका," खालून उत्तर येतं.

सर छत्री मिटून, पँट दुमडून खरंच उतरतात. दहा मिनिटांत उभं राहणं अवघड होतं. रात्री शेकायची पिशवी, एक पॅरासिटामॉल, आणि त्या गोळीवर तासभर व्याख्यान. दुसऱ्या दिवशी निम्म्या बाया पॅरासिटामॉलच मागतात. ज्याला स्वतःला कंबर आहे, त्याचं ऐकायला हरकत नसते. नाक्यावरचा मेडिकलवाला तेवढा सरांच्या आईला अदबीने विचारतो, "आक्का, सरांची रजा कधी संपतीय?"